कार्बनआधी साचा

बाबांची आरएक्स १०० मोटरसायकल मुंबईहून रेल्वेच्या पार्सलने हावड्याला आली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं. डाव्या साइड पॅनेलने मात्र राम म्हटला होता. मागच्या तीन खुंट्यांपैकी दोन पेणच्या घरीच मोडलेल्या आणि तिसरीला बाबांनी तांब्याच्या तारेचा वेढा घातलेला. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी भारतात बनली, त्यामुळे अस्सल पॅनेल मिळणं हा नशिबाचा भाग. बाजारातून आणलेली नक्कल कडेला बोटभर फट ठेवत होती. शेवटी कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आमच्या सोसायटीच्या गॅरेजात मी ते कार्बन फायबरचं बनवलं. दुसऱ्या खेपेला जमलं. असा एखादा सुटा भाग घरी करायचा तर काय काय लागतं ते सांगते. पहिल्या खेपेवर जरा जास्त रेंगाळेन, कारण पैसे तिथेच गेले.

तत्त्व सोपं आहे. कार्बनचं कापड एपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर बसवायचं, वर प्लास्टिकची हवाबंद पिशवी चिकटवायची आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवा पिशवीला साच्यावर दाबते. जादा रेझिन आणि अडकलेले बुडबुडे बाहेर पडतात, थर एकमेकांत घट्ट बसतात. हा दाब किती असतो याची कल्पना यावी म्हणून माझाच हिशेब देते. पॅनेल साधारण ४०० चौरस सेंटीमीटर. गेजवर पाऱ्याचे २५ इंच दिसले की दर चौरस सेंटीमीटरवर अंदाजे ०.८६ किलो भार पडतो, म्हणजे पॅनेलभर साडेतीनशे किलोच्या आसपास. गॅरेजातल्या स्टुलावर साडेतीनशे किलो, तेही एकसारखे पसरलेले! आम्ही कोलकात्यात जवळजवळ समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे हवेचा पूर्ण भार फुकट मिळतो. पुण्यात तो सहा-सात टक्के कमी मिळेल, महाबळेश्वरला पंधरा टक्के. तिथे काम अडत नाही, पण गेजवरचा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के संमिश्र साहित्य आहे. असले भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे उष्णता आणि कित्येक पट दाब देणाऱ्या भट्टीत शिजवतात. आपल्या पिशवीला एका वातावरणाच्या वरचा दाब कधीच मिळणार नाही. म्हणून पॅनेल, मडगार्ड, मीटरचं कव्हर, कॅमेऱ्याची पेटी एवढंच करा. हँडल, चाक, ब्रेकचा लिव्हर, हेल्मेट यांतलं काहीही घरी करायचं नाही. कार्बन वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो.

आता साचा. नवशिक्याचं सगळं लक्ष त्या काळ्या चमकदार कापडावर असतं. माझंही होतं. मी पेणची, गल्लीत गणपतीचे कारखाने बघत वाढलेली. तिथे कुणी मूर्तीबद्दल बोलत नाही, साच्याबद्दल बोलतात. रबरी साचा कुठे फाटला, सोंडेखालचा भाग सुटत का नाही, याची चर्चा जानेवारीपासून चालू असते. इथे मूर्तिकारांच्या कुमारटुलीत गेले तर तेच. देवीचा मुखवटा साच्यातून निघतो, आणि परदेशी जाणाऱ्या हलक्या मूर्ती फायबरग्लासच्या करतात त्याही साच्यातूनच. तरीही घरी आले आणि साचा दोन दिवसांत उरकला. व्हायचं तेच झालं.

साचा कशावरून काढायचा तो नमुना म्हणजे जुनं पॅनेल. आधी मोडलेल्या कडा पुटीने भरून घ्या आणि ओल्या सँडपेपरने ८००, १२०० असं घासत न्या. नमुन्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक पॅनेलमध्ये. मग पॅनेल टेबलावर पालथं नाही, तोंड वर करून ठेवा आणि एक डोळा मिटून बरोबर वरून बघा. उभ्या कडांचा पृष्ठभाग सगळीकडे थोडा तरी दिसला पाहिजे. जिथे कड आत वळून नजरेआड जाते तिथे तयार भाग साच्यात अडकणार. दोन-तीन अंशांचा उतार असला तरी भाग सुटतो. आत वळलेली कड असेल तर साचा दोन तुकड्यांत करावा लागतो. पहिल्या कामाला असा आकार निवडू नका. माझ्या पॅनेलच्या खालच्या टोकाला अशी कड होती, ती मी मेणाने भरून सरळ केली. गाडीवर लावल्यावर आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

नमुन्याभोवती सपाट पट्टी हवी, निदान तीन इंचांची. पिशवीची टेप या पट्टीवर चिकटते. मी सनमायका लावलेल्या प्लायवर नमुना बसवला. नमुना आणि प्लाय यांच्यातली फट बुजवायला पेणच्या सवयीने शाडू घेतला. रात्रीतून तो वाळला, आक्रसला, फट पुन्हा उघडी पडली. शिवाय मातीतल्या ओलीने कडेचं एपॉक्सी दुधाळ झालं. फटीला न वाळणारी मेणमातीच लागते.

त्यावर साचा सोडवणारं मेण, कार्नोबाचं. सहा हात, दर दोन हातांत तासाभराचं अंतर आणि प्रत्येक हात सुती फडक्याने चमकेपर्यंत पुसून. गाडीच्या पॉलिशमध्ये सिलिकोन असतं, ते चालत नाही. मेणावर पीव्हीए, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या पातळ पापुद्र्याचा एक हात. मग एपॉक्सीचा जेलकोट, तो चिकट असतानाच काचेचं बारीक कापड, आणि त्यावर जाड कापडाचे थर, चार-पाच मिलिमीटर जाडी होईपर्यंत. हार्डवेअरच्या दुकानात काचेच्या तुटक धाग्यांची स्वस्त मॅट दाखवतील. तिचे धागे बांधणारा डिंक पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही. मॅट ताठच राहते, कोपऱ्यात बसत नाही. एपॉक्सीबरोबर विणलेलं कापडच घ्या.

पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं हे खरं आहे. पण त्याला कोबाल्ट आणि एमईकेपी नावाचं पेरॉक्साइड अशी दोन द्रव्यं घालावी लागतात. ही दोन्ही एकमेकांत थेट मिसळली तर स्फोट होतो, आणि पेरॉक्साइडचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. घरात लहान मूल असेल तर तो प्रकार आणूच नका. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचाही पिशवीच्या कामाला कुचकामी. मूर्तीला छान चालतो, पण तो सच्छिद्र. पंप चालू केला की हवा प्लास्टरमधूनच आत येत राहते आणि तुम्ही टेपवर गळती शोधत बसता.

साचा झाल्यावर आठवडाभर हात लावू नका. मी तिसऱ्या दिवशी नमुना काढला. साचा अजून पुरता कडक झाला नव्हता. एका बाजूने किंचित पिळला आणि त्या पिळासकट वाळला. पहिलं पॅनेल फ्रेमवर बसेना त्याचं मूळ हे. कार्बनचा त्यात काही दोष नव्हता.

सामानाकडे वळते. पंपासाठी नवा खर्च करू नका. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे गॅस भरण्याआधी पाइप रिकामा करायचा पंप असतो, तो आपल्याला पुरतो. आमच्याकडे येणाऱ्या मिस्त्रीदादांनी तो दोन दिवस भाड्याने दिला. गॅरेजात येऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “एसी कोथाय, दीदी?” एसी कुठाय, म्हणून. स्टुलावरची पिशवी दाखवल्यावर ते तासभर हललेच नाहीत. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसरही चालतो, पण तासन् तास चालवला की तापतो.

पंप आणि पिशवी यांच्यामध्ये एक सापळा हवा, म्हणजे ओढलं गेलेलं रेझिन पंपात न जाता त्यात पडेल. काचेची बरणी अजिबात नको, ती आत फुटते. आत बसणाऱ्या झाकणाचा कुकर वापरून बघायची हौस मला होती. पण त्याचं झाकण आतल्या वाफेने वर दाबलं जातं तेव्हाच बंद होतं, आणि इथे दाब उलटा. दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद केलेला लोखंडी पाइपचा तुकडा, त्याला दोन नळ्या आणि एक गेज, एवढं कुठलाही वेल्डर करून देतो. पंपाच्या बाजूला एकेरी वाल्व आणि बॉल वाल्व लावायला विसरू नका. कारण पुढे येईलच.

पिशवीसाठी नायलॉनची खास फिल्म मिळते. जाड पॉलिथिनवरही काम होतं, मात्र घडीच्या रेषेवर बारीक भोकं असतात, म्हणून रोल घ्या, घडी घातलेलं नको. चिकटवायला ब्यूटिल रबराची टेप. कार्बनवर लगेच येतो पील प्लाय, वाळल्यावर सोलून काढायचं नायलॉनचं कापड. त्यावर भोकं पाडलेली फिल्म आणि त्यावर ब्रीदर, ज्यातून हवेला वाट मिळते आणि जादा रेझिन शोषलं जातं. ब्रीदर म्हणून रजईतला पॉलिस्टरचा पांढरा थर उत्तम. थंडीत इथे रस्त्यावर धुनुरी, म्हणजे आपले पिंजारी, कापूस पिंजत बसतात; तो कापूस घ्यायचा मोह होतो, पण दाबाखाली त्याचा गच्च गोळा होतो आणि हवेची वाट बंद.

कार्बनचं कापड पहिल्यांदा घेताना २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम), थ्री-के, तिरप्या विणीचं घ्या. थ्री-के म्हणजे एका धाग्यात तीन हजार तंतू, प्रत्येक साधारण सात मायक्रॉनचा. तिरपी वीण वळणावर सहज बसते. आणि तेही दुसऱ्या खेपेला. पहिली खेप काचेच्या कापडाची किंवा ज्यूटची करा. ज्यूटची राजधानी आमच्या दारात, बारदान कवडीमोल मिळतं. फक्त ते हवेतली ओल पितं, म्हणून आधी उन्हात आणि मग कोमट पेटीत कडकडीत वाळवायचं. पिशवी कशी लावायची हे हाताला ज्यूटवर शिकवा. तो भाग फेकताना वाईट वाटत नाही.

ओल हा आमच्या गावचा स्थायीभाव आहे. सॉल्ट लेक मुळात खारं पाणथळ. १९६२ पासून हुगळीतली वाळू-गाळ पाण्यात कालवून पाइपांनी इथवर आणला, पाणी निचरू दिलं आणि उरलेल्या जमिनीवर युगोस्लाव्ह वास्तुकार दोब्रिवोय तोश्कोविच यांनी आखलेलं गाव वसवलं. पावसाळ्यात वाटतं, पाणी अजून निचरायचंच आहे. अशा हवेत हार्डनरमधलं अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प यांच्याशी संयोग पावतं आणि वाळत्या एपॉक्सीवर मेणचट थर धरतं. त्यावर पुढचा हात किंवा रंग मारला तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. हा थर सँडपेपरने घासायचा नाही, तो पाण्यात विरघळतो: कोमट पाणी आणि भांड्यांची हिरवी घासणी घेऊन धुवायचा, मग घासायचं. पीव्हीएचा हातही ओल्या हवेत वाळत नाही, चिकटच राहतो. जून ते सप्टेंबर काम करायचंच असेल तर एसीच्या खोलीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरं. फक्त जानेवारीच्या रात्री पारा चौदा-पंधरावर येतो तेव्हा रेझिन दुसऱ्या दिवशीही ओलं वाटेल. खोली पंचवीस अंशांवर ठेवली की तो प्रश्न मिटतो.

रेझिनला हात लावण्याआधी कोरडी तालीम. रिकाम्या साच्यावर सगळे थर आणि पिशवी लावून पंप चालू करा. पिशवी साच्याच्या दीडपट तरी मोठी हवी, आणि टेपवर चार-सहा ठिकाणी कानासारख्या उभ्या घड्या घाला म्हणजे ही जादा फिल्म कोपऱ्यांत उतरू शकेल. ती कमी पडली तर पिशवी कोपऱ्यावर पुलासारखी ताणून बसते आणि खाली दाबच पोचत नाही; माझ्या पहिल्या पॅनेलच्या आतल्या कडेला रेझिनची पिवळट पन्हळ आणि बुडबुड्यांची रांग राहिली ती यामुळे. गेज २५ इंचांवर आलं की बॉल वाल्व बंद करा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांत काटा एका इंचापेक्षा जास्त घसरला तर गळती आहे. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टेपवरून फिरवा, फुस्स आवाज नेमका सापडतो. माझी गळती नळी पिशवीत शिरते तिथे होती. बहुतेकांची तिथेच असते.

मिश्रणाचं गणित छोट्या भागाला फार नाजूक असतं. कडेच्या जादा पट्टीसह माझे चार थर मिळून कापड ४५ ग्रॅम भरलं. रेझिन कापडाच्या वजनाइतकं, वर वाया जाणारं धरून ६० ग्रॅम. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या लॅपॉक्स एल-१२ ला के-६ हार्डनर वजनाने १०० ला १० लागतो, म्हणजे ६० ग्रॅममध्ये हार्डनर जेमतेम साडेपाच ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमची चूक सहज करतो आणि इथे ती चूक जवळपास वीस टक्क्यांची. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. दुसरं रेझिन असेल तर प्रमाणही दुसरं. डब्यावर लिहिलेलंच पाळा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवायचा नसतो, तो उरतो आणि भाग मऊ राहतो. दोन मिनिटं ढवळा, कडा आणि तळ खरवडून पुन्हा ढवळा, आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. ग्लासात तसंच ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने धुमसतं. खोली दहा अंशांनी गरम असेल तर हाताशी असलेला वेळ निम्मा होतो.

नायट्राइलचे हातमोजे दोन जोड, एकावर एक; वरचे खराब झाले की काढून टाका. के-६ त्वचेला लागत राहिलं तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. हात चुकून भरला तर साबणाने धुवा, ॲसिटोनने नाही. खिडक्या उघड्या.

साच्यात पहिला हात नुसत्या रेझिनचा, ब्रशने पातळ. त्यावर कापड. कापडाच्या कडांना कापण्याआधी मास्किंग टेप लावली असेल तर वीण विस्कटत नाही. ब्रशने ओढू नका, टोचत-टोचत दाबा. ओढलं की तिरप्या रेषा नागमोडी होतात आणि त्या कायम दिसतात. कोपऱ्यांतून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला या. चार थर बसले की जुन्या कार्डाच्या कडेने जादा रेझिन निपटून घ्या, मग पील प्लाय, भोकांची फिल्म, ब्रीदर, पिशवी. पंप हळूहळू चढवा, मधेच थांबवून बोटांनी पिशवी कोपऱ्यात सरकवा. २५ इंचांच्या पुढे हट्ट धरू नका, फार ओढलं तर कापड कोरडं पडतं. पील प्लायवर रेझिनचे बारीक ठिपके सगळीकडे सारखे उमटले म्हणजे बेत जमला.

पंप मी सात-आठ तास चालू ठेवते. आता वाल्वचं कारण. पहिली खेप एप्रिलात केली होती. संध्याकाळी पाचला कालबैशाखी, म्हणजे वळवाचं वादळ, आली, अंगणातलं झाड हललं आणि वीज गेली. पंपातून हवा उलटी शिरली, पिशवी ढिली पडली, ब्रीदरने प्यालेलं रेझिन परत आत उतरलं. वीज चाळीस मिनिटांनी आली, तोवर रेझिन जेली झालं होतं. एकेरी वाल्व असता आणि पिशवी पक्की असती तर काटा तासभर जागचा हलला नसता. आता वेधशाळेचा इशारा पाहूनच रेझिन कालवते. शिवाय रात्री दहानंतर पंप बंद. खालच्या मजल्यावरच्या माशीमांशी, म्हणजे मावशींशी, झालेला तह आहे तो. म्हणून काम सकाळी आठला सुरू.

चोवीस तासांनी पिशवी काढा, पील प्लाय जोर लावून सोला. भाग सोडवायला प्लास्टिकची पाचर किंवा आइस्क्रीमची काडी कडेने आत सरकवा, फटीत पाणी सोडा. पीव्हीए विरघळतो आणि टक् असा आवाज होऊन भाग सुटतो. स्क्रूड्रायव्हर घातलात तर साच्याला खोच पडेल आणि ती पुढच्या प्रत्येक पॅनेलवर दिसेल.

कड कापताना आणि घासताना पाणी वापरा. कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट, कातडीला खाजरी, आणि ती वीज वाहते. संगणक, स्विचबोर्ड, एसीचं युनिट यांच्या आसपास कोरडं कापू नका. एन-९५ मास्क, पूर्ण बाह्या, आणि ते कपडे बाकीच्यांबरोबर धुवायचे नाहीत.

खोलीच्या तापमानात वाळलेलं एपॉक्सी पन्नास-साठ अंशांना मऊ व्हायला लागतं, आणि मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीचं काळं पॅनेल सहज तेवढं तापतं. म्हणून आधीच शेकून घ्यायचं. पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून ॲल्युमिनियमची फॉइल, एक शंभर वॅटचा जुना बल्ब पुठ्ठ्यापासून दूर, आणि थर्मामीटर. चाळीस अंशांना तीन-चार तास, मग हळूहळू साठ अंशांना सहा तास. भाग साच्यातच ठेवून शेकला तर पिळत नाही. जवळून हलू नका, आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे करू नका. उन्हाने एपॉक्सी पिवळं पडतं, त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट हवा. तो मी गाड्या रंगवणाऱ्याकडून मारून घेतला. दोन भागांच्या लॅकरमधलं आयसोसायनेट साध्या मास्कने अडत नाही.

राहिल्या खुंट्या. त्या कार्बनच्या करायच्या भानगडीत पडू नका. मी नायलॉनच्या सळीचे तुकडे फ्रेमच्या रबरी ग्रोमेटमध्ये बसतील असे घासले, त्यांच्या माथ्याला आडवी भोकं पाडली आणि पॅनेलच्या पाठीला एपॉक्सी आणि काचेच्या कापडाच्या ठिगळाने बांधले. नायलॉनला एपॉक्सी नीट चिकटत नाही, ते भोकांत शिरून कडक झालं की धरून ठेवतं. धातूचे बोल्ट लावायचे असतील तर कार्बन आणि धातू यांच्यामध्ये काचेच्या कापडाचा एक थर अवश्य द्या. दमट हवेत ॲल्युमिनियम कार्बनला टेकलं की गंजून पांढरी भुकटी होते, आणि दमट हवेची इथे ददात नाही.

दुसऱ्या खेपेचं पॅनेल सोनाराच्या काट्यावर ५८ ग्रॅम भरलं. खुंट्या ग्रोमेटच्या तोंडाशी आणून तळहाताने एक थाप मारली. पहिल्या दोन आत गेल्या. तिसरी, बाबांच्या तारेच्या जागेची, अर्धा मिलिमीटर वर होती. ती काढून कानशीने घासली, तेव्हा बसली.